दाराबाहेरच्यांशी बोलायचं कोणी?

१२ मार्च २०१७, होळीचा दिवस. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातातला एक जखमी आणला गेला. डोक्याला जबर मार होता आणि मेंदूचा सर्जन तिथे नव्हता. ड्यूटीवर असलेल्या अस्थिरोग विभागाच्या तरुण निवासी डॉक्टरनं पेशंट दुसरीकडे हलवायला सांगितलं. वैद्यकीयदृष्ट्या या सल्ल्यात खोट काढायला जागा नाही. पण पेशंटसोबत आलेल्या जमावानं त्या डॉक्टरला इतकं मारलं, की त्याच्या एका डोळ्याला गंभीर इजा झाली. त्याच महिन्यात मुंबईसह इतर ठिकाणांहूनही मारहाणीच्या बातम्या आल्या, राज्यातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि शेवटी उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं.

त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, जून २०२० मध्ये, शेजारच्या जळगावचं नाव देशभर गाजलं. कोरोनाबाधित म्हणून तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या ८२ वर्षांच्या एक आजी २ जूनपासून बेपत्ता झाल्या. घरचे चौकशी करत राहिले. १० जूनला त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात त्यांचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. पहिल्या घटनेत मार डॉक्टरनं खाल्ला, दुसरीत जीव पेशंटचा गेला. दोन्हींनंतर चर्चा झाली ती आपल्या ठरलेल्या वाटेनंच: धुळ्यानंतर सुरक्षारक्षकांची, जळगावनंतर कर्मचाऱ्यांच्या संख्येची आणि बेफिकिरीची. दोन्ही चर्चा योग्यच होत्या. मात्र एक प्रश्न दोन्ही वेळा बाजूला पडला. आत पेशंटचं जे काही चाललेलं असतं, ते बाहेर बसलेल्या माणसांना सांगण्याचं काम रुग्णालयात नेमकं कोणाचं असतं?

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं खरं उत्तर ‘कोणाचंच नाही’ असं आहे. सलाईन कोणी लावायची, औषध किती वाजता द्यायचं, ड्रेसिंग कोणी बदलायचं, हे ठरलेलं असतं आणि लिहूनही ठेवलेलं असतं. नातेवाइकांशी बोलणं मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेलं असतं. एखादे डॉक्टर बोलके निघतात, एखादी सिस्टर मायाळू निघते, आणि मग त्या घराचं नशीब चांगलं म्हणायचं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की अत्यवस्थ पेशंटच्या घरच्यांशी बोलणं हा सौजन्याचा भाग मानणं थांबवलं पाहिजे. ते उपचाराइतकंच काम आहे. त्याला वेळ, जागा, जबाबदार माणूस आणि नोंद या चारही गोष्टी लागतात, आणि त्या नसल्या की डॉक्टर कितीही हुशार असला तरी बाहेरच्या बाकावर त्याच्याबद्दल संशयच पिकतो.

ते बाहेरचं बाक खानदेशात कसं असतं ते आधी पाहू. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे अपघाताचे पेशंट इथे रोजचेच. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या सातपुड्याच्या पट्ट्यातून सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतपणं येतात. पेशंट एकटा कधीच येत नाही. बाप येतो, काका येतो, मेहुणा येतो, गावातला एखादा शिकलेला पोरगा येतो, आणि प्रकरण मोठं असेल तर पुढारीही फोनवर येतो. घरात बोलणं अहिराणीत चालतं, तापीकाठच्या लेवा पाटलांच्या गावांत लेवा बोलीत, डोंगरात पावरी किंवा भिल्लीत. आयसीयूचं दार उघडतं तेव्हा आतून येणारी भाषा वेगळीच असते: ‘सॅच्युरेशन मेंटेन होत नाही’, ‘व्हेंटिलेटरवर टाकलंय’, ‘७२ तास काही सांगता येणार नाही’, ‘इथे सही करा.’ विचारणाऱ्यानं ‘मना बाप कसा शे?’ असं विचारलेलं असतं. उत्तरात बाप कुठेच नसतो. रक्तदाबाचा आकडा असतो.

शिकलेल्या, शहरी नातेवाइकांनाही यातलं सगळं कळतं असं मुळीच नाही. पॅरिसमधल्या एका रुग्णालयाच्या आयसीयूतली एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. डॉक्टर बोलून गेल्यावर नातेवाइकांना काय कळलं, हे त्यात तपासलं होतं. आजार काय आहे, धोका किती आहे, उपचार कोणते चालू आहेत, यातलं काही ना काही ५४ टक्के लोकांच्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं. डॉक्टर आपल्या समजुतीनं सांगून मोकळे झाले होते. खानदेशात अशी मोजणी झाली तर आकडा यापेक्षा बरा निघेल असं मानायला काही आधार दिसत नाही. भीतीनं बधिर झालेलं मन पहिलं वाक्य ऐकतं आणि तिथेच अडकतं, मग ते मन पॅरिसचं असो की पारोळ्याचं. त्यामुळे ‘आम्ही सांगितलं होतं’ हे डॉक्टरचं आणि ‘आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही’ हे नातेवाइकांचं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. रुग्णालयांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे असावं असं मला वाटतं.

न कळण्याची किंमत पेशंट घरी गेल्यावर किंवा वारल्यावरही संपत नाही. फ्रान्समधल्या २१ आयसीयूंची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. पेशंट आयसीयूतून बाहेर पडल्यानंतर किंवा दगावल्यानंतर ९० दिवसांनी घरच्यांना फोन केले, तेव्हा सुमारे ३३ टक्के लोकांमध्ये मोठ्या मानसिक आघातानंतर दिसणाऱ्या तणावाची लक्षणं आढळली. झोप उडणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, दवाखान्याचा वास आला तरी छातीत धडधडणं, असा हा त्रास. आपल्याला अपुरी माहिती मिळाली असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात तो जास्त होता. आपल्याकडे याला आजार म्हणायची पद्धत नाही. ‘तो गेल्यापासून ती हाय खाऊन बसली’ असं म्हणून विषय संपतो. पण घरातली एक कमावती किंवा राबती व्यक्ती तीन-तीन महिने कामातून उठते, हे शेतीच्या हंगामात कोणत्याही घराला परवडत नाही.

मग नीट बोलल्यानं खरंच फरक पडतो का? याची बऱ्यापैकी काटेकोर तपासणी झालेली आहे. फ्रान्समधल्याच २२ आयसीयूंमध्ये १२६ मरणासन्न पेशंटच्या घरच्यांवर केलेला अभ्यास २००७ साली छापून आला. निम्म्या घरांशी डॉक्टर नेहमीसारखे बोलले. उरलेल्या निम्म्यांसाठी बैठकीची रीत ठरवून दिली होती: घरच्यांच्या म्हणण्याला किंमत द्यायची, त्यांच्या भावना ओळखून तसं बोलून दाखवायचं, ऐकायचं, पेशंट माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं आणि त्यांना प्रश्न विचारायला लावायचं. जोडीला एक छोटी पुस्तिका हातात द्यायची. नेहमीची बैठक साधारण २० मिनिटांची झाली, ठरवून घेतलेली ३० मिनिटांची. खरा फरक मात्र या दहा मिनिटांत कोण बोललं यात होता. नेहमीच्या बैठकीत घरचे सुमारे ५ मिनिटं बोलले होते, नव्या रीतीत १४ मिनिटं. म्हणजे वाढलेला जवळपास सगळा वेळ घरच्यांच्या वाट्याला गेला. ९० दिवसांनी तपासलं तेव्हा आघाताच्या तणावाची लक्षणं पहिल्या गटात ६९ टक्के आणि दुसऱ्या गटात ४५ टक्के लोकांमध्ये होती. चिंता आणि नैराश्यही कमी होतं. ४५ टक्के हा आकडाही लहान नाही, घरातलं माणूस गेलेलंच होतं. तरी दहा मिनिटांच्या ऐकण्यानं एवढा फरक पडत असेल, तर असा गुण येणारं औषध कोणतंही रुग्णालय साठवून ठेवील.

अमेरिकेत सिएटलच्या रुग्णालयांत अशा ५१ बैठका ध्वनिमुद्रित करून मोजल्या होत्या. त्यांत सरासरी ७१ टक्के वेळ डॉक्टर आणि कर्मचारी बोलत होते, घरचे फक्त २९ टक्के. आणि घरचे जितके जास्त बोलले, तितके ते डॉक्टरांच्या बोलण्यावर जास्त समाधानी होते. आपल्याकडे ‘समुपदेशन’ म्हटलं की समोरच्याला बसवून समजावून सांगायचं असाच अर्थ घेतला जातो. नातेवाईक शांत बसून ऐकत राहिले की बैठक छान झाली असं वाटतं. ही मोजणी उलट सांगते.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो हलका नाही. सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरच्या अंगावर किती खाटा असतात ते एकदा जाऊन पाहा, मग दहा मिनिटांच्या गप्पा सांगा, असं कोणीही डॉक्टर म्हणेल. ओपीडीच्या रांगा, अपुऱ्या सिस्टर, रिकामी पदं हे सगळं खरं आहे. पण वेळ आजही जातोच. तो तुकड्यातुकड्यांनी, उभ्याउभ्या, दारात, जिन्यात, चिडचिडीत जातो. सकाळी भावाला सांगितलेलं दुपारी मेहुण्याला सांगावं लागतं, संध्याकाळी गावाहून आलेल्या काकांना, आणि रात्री नगरसेवकाच्या फोनवर. प्रत्येकाला वेगळा डॉक्टर वेगळ्या शब्दांत सांगतो. एक म्हणतो ‘स्टेबल आहे’, दुसरा म्हणतो ‘क्रिटिकल आहे’. वैद्यकाच्या भाषेत पेशंट एकाच वेळी अत्यवस्थ आणि स्थिर असू शकतो, पण बाकावर त्याचा अर्थ ‘हे काहीतरी लपवतायत’ असाच होतो. रोजची एक ठरलेली वेळ, घरच्यांनीच निवडलेला एक माणूस आणि सांगणारा एकच जबाबदार डॉक्टर एवढं झालं, तर हे तुकडे गोळा होऊन वेळ वाचण्याचीच शक्यता जास्त.

आणि त्या वेळेत खाली बसावं. कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयातली एक मोजणी २०१२ साली प्रसिद्ध झाली होती. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकच सर्जन काही पेशंटना उभ्यानं भेटला, काहींना खुर्चीवर बसून. उभ्याच्या भेटी सरासरी दीड मिनिटाच्या होत्या. पेशंटना त्या पावणेचार मिनिटांच्या वाटल्या. बसून झालेल्या भेटी प्रत्यक्षात त्याहूनही लहान, एक मिनिट आणि काही सेकंदांच्या होत्या, पण पेशंटच्या लेखी डॉक्टर पाच मिनिटांपेक्षा जास्त बसला होता. या प्रयोगाचा आवाका लहान आहे, त्यावर मोठे सिद्धान्त उभारू नयेत. तरीही कोट्यवधींची यंत्रं असलेल्या वॉर्डाबाहेर नातेवाइकांशी बोलायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या नसतात, याचं समर्थन पैशांच्या टंचाईनं करता येत नाही.

‘डॉक्टरला वेळ नाही, तर दुसऱ्या कोणाला तरी नेमा’ असं यावर सुचवलं जातं. सरकारी रुग्णालयांत त्यासाठी पदंही आहेत. समाजसेवा अधीक्षक असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतात. ही योजना ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावानं २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं, त्यामुळे आरोग्यमित्र हा शब्द धुळेकरांना चांगलाच परिचयाचा आहे. पण त्यांचं बहुतेक काम कागदाभोवती फिरतं: रेशनकार्ड, आधार, मंजुरी, पॅकेज. पेशंटच्या तब्येतीबद्दल बोलण्याचा अधिकारही त्यांना नाही आणि शिक्षणही नाही. त्यांना या कामात आणावं हे योग्यच, मात्र किती आणावं याबाबत पुरावा सावध करतो. अमेरिकेतल्या चार आयसीयूंमध्ये, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी वेगळ्या पथकानं माहिती-बैठका घेऊन पाहिल्या. २०१६ साली निकाल आला तो उलटा. चिंता किंवा नैराश्य कमी झालं नाहीच, आघाताच्या तणावाची लक्षणं थोडी वाढलेली दिसली. बाहेरून आलेला, पेशंटला रोज न पाहणारा माणूस गंभीर गोष्टी सांगू लागला की घर हादरतं, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

दुसरीकडे, पिट्सबर्गच्या परिसरातल्या पाच आयसीयूंमध्ये तिथल्याच सिस्टरना शिकवून घरच्यांच्या आधाराला रोज उभं केलं, तो अभ्यास २०१८ चा आहे. सहा महिन्यांनंतरचा मानसिक त्रास त्यानंही फारसा कमी झाला नाही. पण संवाद चांगला होता असं घरच्यांनी नोंदवलं आणि पेशंटचा आयसीयूतला मुक्कामही सरासरीनं कमी भरला. यातून मला जो मार्ग दिसतो तो असा: तब्येतीची मूळ बातमी उपचार करणाऱ्या डॉक्टरनंच द्यावी, आणि तिच्या अलीकडचं-पलीकडचं सिस्टर, समाजसेवा अधीक्षक, आरोग्यमित्र यांनी सांभाळावं. डॉक्टर बोलून गेल्यावर ‘काय समजलं तुम्हाला, सांगा बरं’ असं सिस्टरनं विचारायचं. बोलीभाषेत पुन्हा सांगायचं. पावरी बोलणाऱ्या घराशी वॉर्डातल्या मावशी किंवा मामांपैकी कोणाला बोलता येतं, हे आधीच माहीत करून ठेवायचं. यासाठी नवीन इमारत लागत नाही.

वरचे दोन अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. बोलणं हा रामबाण उपाय नाही. फ्रान्समध्येच मृत्यूनंतर घरच्यांना सांत्वनाचं पत्र पाठवून पाहिलं होतं. २०१७ साली कळलं की त्यानं दुःख हलकं झालं नाही, काहींचं नैराश्य वाढलेलंही आढळलं. पण तिथल्या संशोधकांनी प्रयत्न सोडला नाही. ३४ आयसीयूंमध्ये त्यांनी तीन टप्पे ठरवले: मृत्यूपूर्वी घरच्यांची तयारी करणारी बैठक, मरणाच्या वेळी खोलीत येऊन भेट, आणि मृत्यूनंतर पुन्हा एक बैठक. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, सहा महिन्यांनीही न ओसरलेल्या शोकाचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलेलं होतं. पत्र एकदाच येतं आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. समोर बसलेल्या डॉक्टरला विचारता येतो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांपेक्षा घरातूनच जास्त येतो. ‘खरं सांगू नका, आई सहन करणार नाही’, ‘पेशंटला तर मुळीच कळू देऊ नका.’ खानदेशात हे वाक्य न ऐकलेला डॉक्टर शोधावा लागेल. आपल्याकडे निर्णय एकट्याचा नसतो, घराचा असतो, आणि घरातल्या बायकांना तर बातमी सर्वांत शेवटी कळते. या रीतीला नावं ठेवून काही साधत नाही. तिच्यामागे माया आहे. पण तिच्यात एक गृहीत आहे, की खरं कळलं की आशा संपते. १९७९ साली अमेरिकेत मोल्टर नावाच्या परिचारिकेनं ४० नातेवाइकांना, आपल्याला सर्वांत जास्त कशाची गरज वाटते, हे विचारलं होतं. यादीत आशा पहिल्या क्रमांकावर होती. प्रश्नांना प्रामाणिक उत्तरं मिळावीत ही गरजही त्याच यादीत अगदी वरच्या रांगेत होती. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही हवं असतं. ‘बापाचं मूत्रपिंड काम करत नाहीये, वाचण्याची शक्यता कमी आहे, पण आम्ही उपचार थांबवलेले नाहीत, आणि त्याला वेदना होणार नाहीत याची काळजी घेतोय’ या वाक्यात दोन्ही मावतं. ‘देवावर भरवसा ठेवा’ एवढंच म्हणून निघून जाण्यात दोन्ही नसतं. कोणाला किती सांगायचं, हे घरच्यांनाच पहिल्या दिवशी विचारून घेता येतं. मात्र बायकोला किंवा आईला बैठकीत बसवून घ्या, असा आग्रह सिस्टरनं धरायलाच हवा. मागाहून सगळ्यांत जास्त काळ प्रश्न घेऊन जगणारी तीच असते.

आशेचा आणि खरेपणाचा हा गुंता सर्वांत उघडा पडतो तो ‘डामा’च्या कागदावर. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, असा त्याचा अर्थ. पैसे संपले, किंवा आता उपयोग नाही असं कोणीतरी आडून सुचवलं, की घरचे पेशंटला गाडीत घालून गावी नेतात, आणि नेण्याआधी ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ यावर अंगठा किंवा सही करतात. सल्ला खरंच नेऊ नका असा होता, की बोलून न दाखवलेला ‘न्या’ असा होता, हे त्या कागदावरून कधीच कळत नाही. कायद्यानं आता याहून नीट वाट दिली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली आणि मग २०२३ च्या सुधारित आदेशानं, बरं होण्याची आशा नसलेल्या पेशंटचे कृत्रिम उपचार थांबवण्याची कार्यपद्धती ठरवून दिली: उपचार करणाऱ्या डॉक्टरांसह पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, ४८ तासांत निर्णय, आणि घरच्यांची संमती. या वाटेनं जायचं तर आधी घरच्यांशी मोकळेपणानं, एकापेक्षा जास्त वेळा बोलावंच लागतं. डामाच्या वाटेनं जायला एकदाही बोलावं लागत नाही. तीच वाट जास्त वापरली जाते, याचं नवल वाटायला नको.

पैशांबद्दल तर सगळेच गप्प असतात. खासगी रुग्णालयात आयसीयूचा दिवस कितीला पडतो, पुढचे चार दिवस लागले तर किती, योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे डॉक्टर सांगत नाही. त्याला ते कमीपणाचं वाटतं. सांगतो तो बिलिंगचा काउंटर, तेही ‘आज इतके भरा’ एवढंच. त्यामुळे रुग्णालयाकडून नियमितपणे आणि स्पष्ट शब्दांत मिळणारी माहिती एकच उरते, आणि ती बिलाची असते. व्हेंटिलेटर केवळ बिल वाढवायला लावून ठेवतात, मेलेल्या माणसाला जिवंत दाखवतात, या समजुती गावोगाव पसरलेल्या आहेत. त्या पसरायला ही एकतर्फी माहितीही कारण आहे. महाराष्ट्रानं जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. दर दाखवणं, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आणि पैशांच्या वादावरून मृतदेह अडवून न ठेवणं, हे त्यांत बंधनकारक केलं. सनद भिंतीवर लागली तरी ती वाचून दाखवणारं कोणी हवं. उद्याचा खर्च आणि उद्याची शक्यता या दोन गोष्टी एकाच बैठकीत सांगितल्या, तर शेत गहाण टाकायचं की नाही हे घर डोळे उघडे ठेवून ठरवू शकतं.

आता सर्वांत कठीण आक्षेप. धुळ्यात त्या दिवशी गोड शब्दांची नव्हे, मेंदूच्या सर्जनची गरज होती. जळगावात गरज होती वॉर्डात फेरी मारणाऱ्या माणसाची. उणीव साधनांची असताना संवादाचा उपदेश करणं म्हणजे सरकारला पळवाट देणं नाही का? हा आक्षेप अर्ध्याहून जास्त मला मान्य आहे. पदं भरली पाहिजेत, आणि रुग्णालयातल्या हिंसेला कोणत्याही कारणानं माफी असता कामा नये. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१० चा राज्याचा कायदा त्यासाठीच आहे. पण जिथे साधन नाही, तिथे ‘नाही’ हे सांगणं हाच उपचाराचा पहिला भाग होतो. ‘इथे मेंदूचा सर्जन नाही. अमुक ठिकाणी आहे, आम्ही तिथे फोन केलाय. १०८ बोलावली आहे. वाटेत ऑक्सिजन लागेल, तो गाडीत आहे. सोबत ही चिठ्ठी द्या.’ एवढी पाच वाक्यं आणि ‘दुसरीकडे न्या’ हे एक वाक्य, यांतलं अंतर बाकावरच्या माणसाला चटकन कळतं. त्या होळीच्या दिवशी कोण कोणाला काय बोललं, याचा निवाडा करायचा इथे हेतू नाही, आणि पाच वाक्यांनी तो मार टळला असता असा दावाही नाही. पण एका अस्थिरोगाच्या निवासी डॉक्टरवर एकाच वेळी जखमीला तपासणं, नकार देणं आणि जमावाला आवरणं हे सगळं टाकणारी व्यवस्था त्याचंही रक्षण करत नाही.

जळगावच्या बाबतीत तर रोजच्या निरोपाची नोंद हीच सुरक्षा ठरू शकते. अमुक खाटेवरच्या पेशंटच्या घरी आज कोण, किती वाजता, काय बोललं, हे रोज वहीत लिहायचं असेल, तर लिहिणाऱ्याला त्या खाटेपर्यंत रोज जावंच लागतं. पेशंट जागेवर नाही, हे मग त्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शोध त्याच तासाला, त्याच वॉर्डातल्या प्रत्येक दारापासून सुरू करता येतो. घरच्यांना आत येऊ दिलं तर आणखी बरं. संसर्गाच्या भीतीनं आपल्याकडे आयसीयूत पाच मिनिटं काचेतून दर्शन देतात. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंमध्ये घरच्यांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबू देऊन पाहिलं, त्याचा निकाल २०१९ मध्ये आला. पेशंटचा भ्रम फारसा कमी झाला नाही, पण संसर्ग वाढले नाहीत आणि घरच्यांची चिंता व नैराश्य कमी झालं. खानदेशातल्या गर्दीत १२ तास शक्य नाहीत. एका माणसाला दिवसातून दोनदा अर्धा तास, हे शक्य आहे.

बोललेलं उद्या कोर्टात अंगावर येईल, ही भीतीही आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ च्या सुमारास उलट धोरण स्वीकारलं: चूक झाली तर आपण होऊन सांगायची, आणि योग्य असेल तिथे भरपाई द्यायची. तिथे नव्या दाव्यांचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलं. आपला कायदा आणि आपली न्यायालयं वेगळी आहेत, म्हणून हा दाखला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण इथेही ग्राहक आयोगापुढे उभ्या राहिलेल्या डॉक्टरला ‘समजावून सांगितलं’ या तोंडी दाव्यापेक्षा तारीख, वेळ आणि नातेवाइकाची सही असलेली नोंद जास्त उपयोगी पडते.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा विषय अधिकृतपणे आला आहे. विद्यार्थी त्याला ‘एटकॉम’ म्हणतात. त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलं आता इंटर्नशिप संपवून धुळे-जळगावसारख्या रुग्णालयांतून निवासी डॉक्टर म्हणून उभी राहू लागली आहेत. वाईट बातमी कशी द्यायची हे त्यांना निदान एकदा तरी शिकवलेलं आहे. अडचण त्यांच्या ड्यूटीच्या तक्त्यात आहे. त्यात राउंड आहे, ओपीडी आहे, ओटी आहे, कॉल आहे. नातेवाइकांसाठी रकाना नाही. अपघाताच्या गाड्या, सर्पदंश, रात्री उशिरा बिघडलेली बाळंतपणं येतात ती बहुधा वरिष्ठ घरी गेल्यावर, म्हणजे जेव्हा बोलणारा सर्वांत कमी अनुभवी आणि सर्वांत थकलेला असतो. म्हणून हा रकाना आखायचा असेल तर सकाळच्या फेरीपासून नको, रात्री आठनंतरच्या पाळीपासून आखायला घ्यावा: कोणता वरिष्ठ फोनवर उपलब्ध आहे, कोणती सिस्टर सोबत बसेल, आणि समाजसेवा अधीक्षकांपैकी कोण त्या रात्री रुग्णालयात असेल. आज समाजसेवा अधीक्षकांचं कामही बहुतेक ठिकाणी दिवसाच्या वेळेतच चालतं.